एकच फळी

"मावशी, तुमी फळीशी काय बोलता?"

हर्षलानं विचारलं आणि मागं कुंपणाशी उभ्या तिघी तोंडावर हात दाबून हसल्या. रिया, प्रिया आणि अक्षदा. पैज त्यांचीच. शाळा सुटली की चौघींची वाट येसूबाईच्या घरावरनं जायची, आणि म्हातारी रोज पडवीत मांडीवर फळी घेऊन पुटपुटताना दिसायची. विचारायचं धाडस कुणाला होत नव्हतं. हर्षलाला कशाचंच भ्या वाटत नसे, म्हणून तिला पुढं केलेली.

येसूबाईनं मान वर केली नाही. "बोलत नाय. इचारते तिला."

"काय?"

"अजून काळं पायजे का म्हणून."

तिनं फळी फिरवली. फळीवर एक स्टूल काढलेलं होतं. पडवीच्या कोपऱ्यातलं, तीन पायांचं, तेच. त्यावर कुणीच नव्हतं, पण हर्षलाला वाटलं, आत्ताच कुणीतरी उठून गेलंय. रंग म्हणून कुठं नव्हता. सगळं पेन्सिलीचं.

"हे तुमी काढलंत?"

"आमचे मालक गेले तवा लाकूड पुतण्यानं नेलं. हत्यारं नेली, रंधा नि पटाशी तेवढी ठेवली. पेन्सिली कुणालाच नको होत्या." येसूबाईनं पत्र्याचा डबा पुढं सरकवला. आत सुताराच्या चपट्या पेन्सिली, काही बोटाएवढ्याच उरलेल्या. "घे. बग."

हर्षलानं मागं वळून मैत्रिणींना डोळा मारला आणि फतकल घालून बसली. उचललेल्या पेन्सिलीचं टोक मोडलेलं होतं. तिनं कंपासातनं शार्पनर काढला.

"अगं चपटी हाय ती," कुंपणावरनं रिया म्हणाली. "एक वेळ तुझं डोकं जाईल त्यात."

येसूबाईनं पटाशीनं दोन सपकारे मारून टोक काढलं आणि फळी उलटी करून दिली. मागची बाजू कोरी होती.

दोन रेघा मारायच्या आणि उठायचं, असंच ठरवलेलं. समोर खिळ्यांचा डबा होता, तो घेतला काढायला. पहिली रेघ अडखळत गेली.

"आडवी नको वढू. लाकडाची शीर जातीय तशी जा."

ती तशी गेली. पेन्सिल सरसर उतरली. जरा तिरकी धरली तर धुरासारखं फिकट आलं, दाबली तर तव्याच्या बुडासारखं काळं. शाळेत रंग भरताना ती नेहमी रेघेबाहेर जायची आणि सर वही आपटायचे. इथं बाहेर गेलेलंही डब्याची सावली होऊन बसत होतं. आणि मधली पट्टी, जिला तिनं हातच लावला नव्हता, तिथं डब्यावर ऊन पडलं होतं.

"हर्षू, चल गं. नाचाची प्रॅक्टिस हाय."

"आले."

थोड्या वेळानं परत हाक आली. ती परत "आले" म्हणाली. तिसरी हाक आली की नाही, तिला ठाऊक नाही. ती फळीला विचारत होती, अजून काळं पायजे का.

डब्याचं झाकण जमलं तेव्हा तिला हसू आलं. "बघा गं," म्हणत ती वळली.

कुंपणाशी कुणी नव्हतं.

फळी तिथंच ठेवून ती रस्त्यावर धावली. लांब, वळणावर तिघींची दप्तरं दिसत होती. तिनं हाक मारली. कुणी वळून पाहिलं की नाही, कळलं नाही. हसण्याचा आवाज मात्र आला. तिच्या हातांना काळं लागलं होतं, ते हात तिनं उगाच पाठीमागं नेले. मग तिघी वळणाआड दिसेनाशा झाल्या.

ती परत आली तेव्हा येसूबाई फळीवर रंधा मारत होती. स्टुलाच्या साली आधीच खाली पडल्या होत्या. आता डबा निघत होता, कुरळ्या सालींतनं, एकेका काळ्या कडेनं.

"मावशी." हर्षला फळीजवळ खाली बसली. "ते अजून कुणी बघितलं नव्हतं."

"मी बगितलं की. झाकण बरं आलंय. खालची सावली खोटी हाय." येसूबाईनं फळीवरनं तळवा फिरवला. "एकच फळी हाय गं. उद्या लागंल."

घरी आई भाकऱ्या थापत होती. पप्पा नुकतेच कामावरनं आलेले.

"रिया येऊन गेली," आई म्हणाली. "तू नाचाला नाय आलीस म्हणं. आन् ते हात बघ. चुलीत घातलेस का?"

"चित्र काढलं."

"बघू," पप्पा म्हणाले.

"नाय उरलं. रंधा मारला."

दोघांनी एकमेकांकडं पाहिलं. हर्षला उंबऱ्यातच उभी होती. सांगायचं ते ती वाटेवर तीनदा म्हणून आली होती.

"उद्यापासनं शाळा सुटली की मी येसूमावशीकडं जाणार. नाचात नाय मी."

भाकरी थापता थापता आईचा हात थांबला. "आन् त्या तिघी? त्यांच्याबिगर तू पाऊल तरी टाकतेस का?"

"त्या नाय थांबणार," हर्षला म्हणाली. "मी एकटीच जाणार."