प्रकाशयोजना: स्वतः

‘प्रकाशयोजना’ या शब्दापुढचं नाव तिने पुसलं, तिथे ‘स्वतः’ असं लिहिलं आणि पान पुन्हा एकदा वरून खाली पाहिलं. छान दिसत होतं. चोरीसुद्धा छान दिसते, त्यात काय! तिने डोळे मिटून बटण दाबलं आणि अर्ज गेला.

पान म्हणजे तिची इंटरनेटवरची कामाची वही. व्हिडिओ गेममधली दुकानं, जिने, कपाटं, कुलपं ती कॉम्प्युटरवर घडवायची. कंपनी बंद पडून आठ महिने झाले होते. तेवढ्या काळात बाईने हे पान एकोणीस वेळा मोडून पुन्हा मांडलं. पार्श्वभूमी काळी केली, पांढरी केली, परत काळी केली. दाखवायला कुणी नव्हतं. मग स्वतःच उठून दाराशी जायची, तिथून स्क्रीनकडे बघायची आणि "बरं दिसतंय हं" असं मोठ्याने म्हणायची. फोन करणारी एकटी वहिनी. तीही विचारायची, "काय गं, तुझी कार्टूनं काय म्हणतायत?" "मजेत आहेत," असं सांगून ही फोन ठेवायची, आणि मग दिवसभर तिच्या तोंडून शब्द निघायचा नाही.

पानावर अकरा चित्रं होती, पण बघणाऱ्याची नजर खिळणार ती एकावरच, घड्याळजीच्या दुकानावर. ते तिने एकटीने केलेलं नव्हतं. दुकानातलं सामान सगळं तिचं. त्यावर पडलेलं दुपारचं ऊन मात्र मैत्रिणीचं. जुन्या ऑफिसात दोघी शेजारी बसायच्या. ही सामान घडवते म्हणून मिस्त्री, ती उजेड पाडते म्हणून टॉर्च. खरी नावं कुणाला आठवतही नसत. वर्षभर सुट्ट्यांचे दिवस घालून दोघींनी ते दुकान उभं केलं, भांडत, खिदळत, एकाच डब्यातून खात.

मग कंपनी बुडाली. टॉर्चला पंधरा दिवसांत परगावी नोकरी लागली. मिस्त्रीला नाही. कुठल्या कंपनीत, हेसुद्धा हिने विचारलं नाही. टॉर्च निघाली त्या दिवशी ही ‘अंग दुखतंय’ म्हणून घरी बसली. नंतर टॉर्चचे फोन आले, खूप आले. हिने एकही उचलला नाही. जळफळाट झाला होता, दुसरं काय? पुढे फोन यायचे थांबले, तेव्हा मात्र हिलाच रडू आलं. पण उलट फोन करायला तोंड कुठे होतं!

या धंद्यात रीत आहे. चित्र दोघींचं असेल तर खाली दोघींची नावं द्यायची, कुणी काय केलं त्यासकट. ती रीत तिने इतके दिवस पाळली होती. पण या नोकरीच्या जाहिरातीत लिहिलं होतं, ‘पूर्ण दृश्य एकहाती उभं करणाऱ्यास प्राधान्य.’ आणि आठ महिने फार होतात हो.

चौथ्या दिवशी बोलावणं आलं. मुलाखत व्हिडिओवर. ती वर इस्त्रीचा शर्ट आणि खाली घरातली विजार घालून बसली. समोर तिथले मुख्य चित्रकार, पन्नाशीचे, चष्मा कपाळावर चढवलेला. त्यांनी एकेक चित्र जवळ ओढून पाहिलं. किल्लीवरची झीज पाहून तर चक्क हसले.

"मनापासून घडवलंय तुम्ही," ते म्हणाले. "आमचं जवळपास ठरलंय. एकच शंका आहे. या दुकानात ऊन येतंय डावीकडच्या काचेतून. मग उजव्या कोपऱ्यातल्या स्टुलावर हा उजेड कुठून पडला?"

तिची नजर स्क्रीनवरून खाली वळली. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच.

उत्तर तिला माहीत होतं. ते स्टूल तिने चार दिवस राबून घडवलं होतं आणि नेमकं तेच अंधारात गेलं होतं. तेव्हा टॉर्चने तिथे एक खोटा दिवा लपवला. ‘नियमात बसत नसेल तर नसू दे,’ टॉर्च म्हणाली होती. ‘तू एवढी खपलीस, आणि ते कुणाला दिसूही नये?’

दृश्याला तोल यावा म्हणून, एवढं म्हटलं असतं तरी घोडं गंगेत न्हालं असतं. शब्द ओठांपर्यंत आलेही. पण टॉर्चचा तो आवाज इतक्या महिन्यांनी कानात घुमला आणि मिस्त्रीला थाप मारवेना.

"सर, तो उजेड माझा नाही," ती म्हणाली. "या दुकानातलं ऊनच माझं नाही. माझ्या मैत्रिणीचं आहे. तिचं नाव होतं तिथे. मी पुसलं."

गेली नोकरी, तिने मनाशी म्हटलं. डोळे भरून आले होते, ते तिने पुसलेही नाहीत.

मुख्य चित्रकारांनी कपाळावरचा चष्मा खाली ओढला आणि तिच्याकडे नीट पाहिलं.

"ठाऊक आहे," ते म्हणाले. "ती आमच्याकडेच असते. दीडशे अर्जांतून तुमचं पान शोधून तिनेच माझ्यापुढे ठेवलं. एवढंच म्हणाली, सर, तिला काय वाटेल ते विचारा, फक्त उजेडाचं विचारू नका."