दुसऱ्या हाकेला

भागिरथा जाऊन पंधरवडा झाला, तरी तिच्या लेकानं, इंद्रभाननं, डोळ्यातून टिपूस काढलं नव्हतं. मुंबईच्या कॉलेजात तो कॉम्प्युटर शिकत होता. आज परत जायचं म्हणून मेडशीच्या घराला कुलूप घालून बापलेक ओट्यावर एसटीच्या वेळेची वाट पाहत बसले होते.

“तारेवर कोन बोलून राह्यलं, हे तुया कॉम्प्युटरच्या मशीनले कसं समजते?” बापानं, भिवाजीनं विचारलं.

“ते खुणेचा शब्द इचारते, बाबा. त्याबिगर ओ देत नाही.”

“तुई मायबी म्हणे, एका हाकेले ओ देऊ नको, भूत एकडाव हाक मारते. दुसरी आली तं मानूस समज.”

तेवढ्यात रस्त्यावरून हाक आली, “इंद्रभान.”

आवाज भागिरथाचा होता. रस्ता रिकामा होता. दोघांनीही ओ दिली नाही. इंद्रभानला भीतीसुद्धा वाटली नाही.

पुन्हा हाक आली.

इंद्रभाननं तोंड उघडण्याआधीच मागच्या कुलूपबंद घरातून, त्याच्याच रडवेल्या आवाजात कोणीतरी म्हणालं, “आलो, माय.”