खालची पट्टी

साकोलीला यादोरावच्या फ्रेमच्या दुकानात गिऱ्हाइकानं जुनं छापील चित्र उलगडलं. महायुद्धात स्वखुशीनं भरती झालेले घोडेस्वार तलवारी उपसून तुटून पडले होते. टापांखाली माणसं चिरडली जात होती. एकाचा जबडा फुटला होता, एकाची आतडी बाहेर आली होती.

"हे आमचे पणजोबा," एका स्वारावर बोट ठेवत तो म्हणाला. "खालची पट्टी कापून टाका, भाऊ. पोरीच्या लग्नात याले हार घालाचा हाये, मुडदे कायले पायजे?"

यादोरावनं पट्टी कापली. घोडे आता शर्यतीत धावत असल्यासारखे दिसू लागले. गिऱ्हाईक खुशीत फ्रेम घेऊन गेलं.

झाडता झाडता बायकोनं ती पट्टी उचलली. "अवो, यायले मारलं कोनं?"

"मारनारे लग्नाले गेले, हार घालून घ्याले."