आम्ब्यूलबाईंच्या एकोणीस चिठ्ठ्या

"इस्त्रीचे सात घाव," तपास अधिकारी इनायखेनबाई म्हणाल्या. "पहिल्यातच काम झालं होतं. उरलेले सहा हौसेचे."

टेबलावर पिशवीत जुनी लोखंडी इस्त्री होती. टोक वाकलेलं, पण डाग नाही. वायर नीट गुंडाळलेली.

वाखोनं नजर वळवली, तर तिथं फोटो. तळघरातल्या धुण्याच्या खोलीत, दोरीखाली, आम्ब्यूलबाई उताण्या पडलेल्या. डोक्याची डावी बाजू आत गेलेली. रक्त फक्त केसांत. आजूबाजूची फरशी लख्ख.

"गुरुवारी, दुपारी एक वाजायच्या आत," इनायखेनबाई म्हणाल्या. "गुरुवारी एक वाजेपर्यंत मशीन कोणाचं असतं?"

"माझं," वाखो म्हणाला.

वाखो जॉर्जियाहून विंटरथुर शहरात इंजिनिअरिंग शिकायला आला, त्याला दोन वर्षं झाली होती. इमारतीत मशीन एक, भाडेकरू आठ. प्रत्येकाचा वार ठरलेला. वाखोनंतर नंबर तळमजल्यावरच्या आम्ब्यूलबाईंचा. एक वाजता त्या खाली जायच्या आणि दीड वाजता वाखोच्या दारावर चिठ्ठी लागायची.

"पण या गुरुवारी मी कपडे धुतलेच नाहीत, मॅडम. झोपलो होतो."

"साक्षीदार?"

"उशी."

इनायखेनबाई हसल्या नाहीत. "तुमच्या शर्टावर लाल डाग सापडले."

"आलुबुखारची चटणी. आईनं पाठवलीय."

"प्रयोगशाळाही तेच म्हणाली. तिखट जास्त आहे म्हणे." त्यांनी जाडजूड पाकीट उघडलं. "आता या वाचू. चिठ्ठी पहिली: 'दाराचं रबर पुसणे.' तिसरी: 'दार किंचित उघडं ठेवणे. मशीनला श्वास लागतो.' सातवी: 'पावडरचा खण काढून वाळवणे. तुमच्या देशात खण नसतात का?'"

"असतात," वाखो म्हणाला.

"अकरावीच्या दिवशी त्यांनी तुमचे ओले कपडे बर्फात फेकले. चौदावीला तुमच्या आजोबांचा लोकरीचा स्वेटर नव्वद अंशांवर उकळला."

"आता तो बाहुलीला होतो."

"सतराव्या वेळी मशीनचं दार तुमच्या बोटांवर आपटलं."

वाखोनं डाव्या हाताची दोन बोटं पुढे केली. नखं अजून काळी होती.

"आणि विसावी त्यांच्या एप्रनच्या खिशात मिळाली. घरमालकाच्या नावे. ती दाखवायलाच त्या लवकर खाली गेल्या असाव्यात. ती पोचती तर तुमची खोली गेली असती. खोली गेली की पत्ता गेला, पत्ता गेला की राहण्याचा परवाना. बरोबर?"

"बरोबर." वाखो म्हणाला. खुनाला इथे वीस वर्षं, हे त्यानं पाहून ठेवलं होतं. आई तोवर पंचाहत्तरची झाली असती. "पण मॅडम, चिठ्ठीसाठी कोणी जीव घेतं का?"

"इथं?" बाई म्हणाल्या. "धुण्याच्या खोलीसाठी? दर वर्षी कोणीतरी प्रयत्न करतंच. उठा, खाली जायचंय."

बेड्या घालून त्याला त्याच्याच इमारतीच्या तळघरात आणलं. बाईंनी बेड्या काढल्या आणि एक चादर मशीनमध्ये टाकली.

"धुवा. नेहमीसारखं. मग निघून जा."

वाखोनं मशीन लावलं. तासभर दोघं बाकावर बसून चादर फिरताना बघत राहिले. मशीन थांबलं. त्यानं चादर ओढून काढली. रबराच्या घडीत पाणी साचलं होतं. फडकं समोरच खुंटीवर होतं. वाखोनं त्याच्याकडे पाहिलं आणि हात पँटला पुसले. दार पायानं ढकलून बंद केलं. पावडरचा खण चिकट, निळा, तसाच. मग चादर ड्रायरमध्ये वाळवली. जाळीत कापसाचा एवढा गोळा, उंदीर वाटावा असा; तोही तसाच. चादर खांद्यावर टाकून तो दाराकडे निघाला.

"किल्ली?" बाईंनी विचारलं.

"कसली किल्ली?"

"खोलीची. खुंटीवर लावायची असते."

"अच्छा, ती."

इनायखेनबाई दार उघडून बराच वेळ त्या ओल्या रबराकडे बघत राहिल्या. माहेरचं कोणी वारल्यासारखा त्यांचा चेहरा झाला.

"ज्यानं खून केला," त्या म्हणाल्या, "त्यानं अंगावरचे कपडे इथंच नव्वदवर धुतले. मग रबर पुसलं. घडीच्या आतून. दार चार बोटं उघडं ठेवलं. खण वाळवला. जाळी साफ. फरशी पुसली, फडकं पिळून वाळत घातलं. किल्ली खुंटीवर. पावणेएकला सगळं आटोपलेलं, म्हणजे पुढच्याला त्रास नको. अहो, प्रेत सोडलं तर खोलीत नाव ठेवायला जागा नव्हती!"

"म्हणजे?"

"म्हणजे ते तुम्ही नाही. एकोणीस चिठ्ठ्यांनी जे जमलं नाही, ते सात घाव घातल्यावर एका सकाळीत कसं जमेल? आम्ब्यूलबाईंनीच तुम्हाला वाचवलं म्हणायचं." त्यांनी फोन काढला. "या इमारतीत इतका स्वच्छ माणूस एकच आहे. रखवालदार. श्टुकी. त्याचं त्यांच्याशी सायकलींवरून भांडण होतं ना?"

"मला काय माहीत, मॅडम," वाखो म्हणाला. "पण श्टुकींचे कपड्यांचे चिमटे मात्र रंगांप्रमाणे लावलेले असतात."

संध्याकाळी पाच वाजता श्टुकीला नेलं. तो ओरडला नाही, कारण पायऱ्यांवर ओरडायला बंदी होती. जाताना त्यानं जिन्यातला दिवा तेवढा बंद केला.

वाखो खोलीत आला. त्यानं चहा केला आणि आईला फोन करून सांगितलं, सगळं ठीक आहे, चटणी संपली. मग कप धुतला. बेसिन पुसलं, नळ पुसला, नळाखालची फट बोटाला कापड गुंडाळून आतून पुसली. फडकं पिळलं आणि कडा जुळवून वाळत घातलं.

गुरुवारी तळघरातही त्यानं असंच केलं होतं, चिठ्ठ्यांच्या क्रमानं, एकही न चुकता. आणि नेमकं तेव्हाच शाबास म्हणायला आम्ब्यूलबाई उरल्या नव्हत्या.