सगळं एकाच डब्यात

कंपनीतल्या संगणकांची देखभाल करणाऱ्या माणसाला सगळे सर्व्हरभाऊ म्हणत. सगळ्यांचा डेटा एकत्र ठेवणारं नेटवर्कवरचं स्टोरेज कुठलं घ्यायचं, याचं गुऱ्हाळ सहा महिने चाललं आणि अखेर एक भला मोठा डबा आला. भाऊंनी ऑफिसातले झाडून सगळे सतरा सर्व्हर व्हर्च्युअल करून, म्हणजे यंत्राविना नुसतं सॉफ्टवेअर करून, त्या एका डब्यात बसवले, जुनी धुडं भंगारात काढली आणि मिशीला पीळ भरला.

"सगळं एकाच डब्यात? आणि तो बंद पडला तर?" गोदामाच्या ताईंनी विचारलं.

"मागचं बटण दाबायचं, दोन मिनिटांत उठतो. तुम्ही उगाच जिवाला घोर लावून घेऊ नका, ताई."

सोमवारी भर दुपारी डबा बंद पडला. भरलेले ट्रक गेटवर अडकले, फोन खणखणू लागले, मोठ्या साहेबांचा पारा चढला. भाऊ मात्र शीळ घालत सर्व्हररूमपाशी आले आणि सगळ्यांच्या देखत ऐटीत दाराला कार्ड टेकवलं. दार ढिम्म. कार्ड शर्टाला पुसून टेकवलं, उलटं करून टेकवलं, तरी ढिम्मच. किल्ल्या हरवतात म्हणून दाराचं किल्लीचं कुलूप काढून नुसतं कार्डाचं तर त्यांनीच मागे बसवलं होतं.

वॉचमन स्टुलावरून उठला आणि अदबीने म्हणाला,



"भाऊ, कार्ड ओळखून दार उघडणारा माझ्या टेबलाखालचा सर्व्हरसुद्धा तुम्ही आत त्या डब्यातच बसवलाय."