बिस्किटाचा पुडा

कामथडी फाट्यावर कॅमेरा बसावा म्हणून हैबतीच रस्त्यावर आडवा झाला होता. कानाला मोबाईल लावलेल्या कारवाल्यानं तिथंच त्याची पोर उडवली होती आणि पळ काढला होता. तेव्हापासून दुधाचा टेम्पो तिथून नेताना हैबती रोज तिच्या आवडत्या बिस्किटांचा पुडा कपाळाला लावून खिडकीतून तिच्या जागेवर टाकायचा. कॅमेरा बसला आणि आठवड्याभरात दंड आला, तो हैबतीलाच. फोटोत त्याचा हात डोक्याशी होता. गुन्हा: गाडी चालवताना मोबाईलचा वापर. तो चौकीत धावला. “साहेब, बिस्किटाचा पुडा हाय ओ त्यो! पोरीला ठेवतो.” हवालदार म्हणाला, “मशीन चुकत न्हाई, अण्णा.” “आन् त्यो कारवाला कवा घावायचा?” “त्या वक्ताला कॅमेरा कुठं हुता?” दुसऱ्या दिवशी फाटा आला तेव्हा पुडा काचेपाशी थरथरत होता. हैबतीनं दोन्ही हात स्टिअरिंगवर घट्ट धरले.