तिनानं भाग

"आकड्यांची बेरीज तिनाच्या पाढ्यात बसली, तर तिनानं पुरता भाग जातो," भाताच्या पेंढ्या बांधताना आबा तिन्ही लेकरांना शिकवायचे. रेणुकाच्या कानात तो आवाज अजून होता.

आबांमागं कामशेतचं भातखाचर वाटायला निघालं. मोजणी भरली १,१०,२०४ चौरस फूट. थोरल्या रतननं बोटांवर बेरीज केली.

"आठ. तिनानं न्हाई जात, रेणे. दोनानं बघ, कसा बाकी न उरता जातो. कर हक्कसोडपत्रावर सही."

धाकटा प्रदीप गालात हसला.

भावांची मनं राखता राखता दमलेल्या रेणुकानं पेन खाली ठेवलं.


"दादा, दोनच फूट उरत्यात. येक तू घे, येक प्रदीपला दे. आन् माझा तिसरा वाटा मला द्या."